ज्याचं ढोर त्याचा दोर

दोर प्रज्ञाच्या हातात होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला मेलेली गाय होती. नवतप्याचं ऊन, भरदुपार. रस्त्याच्या कडेला छोटा हाथी, म्हणजे मालाचा छोटा टेम्पो, उभा होता, त्याची मागची फळी पाडून जमिनीपर्यंत लाकडी पाट टेकवलेला. आणि माझी नात, एम.एस्सी. झालेली, तोंडाला रुमाल बांधून, हातात रबरी मोजे घालून, टाचा मातीत रोवून मागे रेलली होती. गाय हलत नव्हती. आजूबाजूला माणसं नव्हती असं नाही. गायवाला होता, त्याची बायको होती, आमचा ड्रायव्हर होता, पिंपळाच्या सावलीत म्हातारे बसले होते. सगळे बघत होते. ओढत होती ती एकटी.

मी गाडीत पुढच्या सीटवर होते. अंगावर विहारात नेसायची पांढरी साडी. सकाळपासून पोटात नुसता चहा, कारण मी रेस्टॉरंटात जेवायला निघाले होते.

हे रेस्टॉरंटाचं आधी सांगितलं पाहिजे. प्रज्ञाला नोकरी लागली तेव्हा माझा मुलगा विलास म्हणाला, "आई, जंगलाकडं एक रेस्टॉरंट हाय. तिथं लागली पोट्टी."

मी म्हटलं, "एवढं शिकून ताटं उचलन का?"

"ताटं नाही उचलत. साहेबासारखं काम हाय."

सून संगीता पाठ करून भांडी घासत होती. घासून झालेलं भांडं तिने पुन्हा घासायला घेतलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण चौथीपर्यंत शिकलेल्या म्हातारीला काय सांगायचं आणि काय नाही, हे घरातले लोक चांगलं ओळखून असतात.

मी विहारात सांगून टाकलं. शेवंताबाई माझ्या वयाची, तिच्याही नवऱ्याने माझ्या नवऱ्यासारखी रेल्वेतच हाडं झिजवली. ती म्हणाली, "एम.एस्सी. करून भजे तळते का तुयी नात?" मी म्हटलं, तुझ्या नातवासारखी घरी बसून मोबाईल तर नाही तळत. पण बोलणं मनात राहिलं. गेल्या वर्षी नवतप्यात प्रज्ञा सुट्टीला घरी आली होती. परत निघाली तेव्हा मी साडी बदलून दारात उभी राहिले. म्हटलं, "मले तुयं हाटेल दाखव. आज मी तिथंच जेवतो."

प्रज्ञाने बापाकडे पाहिलं. बापाने पंख्याकडे पाहिलं.

"चल आजी," ती म्हणाली. "दिखा ही देती हूँ."

आमची नातवंडं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते. अजून कोणाचं काही अडलेलं नाही.

तिला न्यायला आलेल्या छोट्या हाथीत आम्ही बसलो. रायपूरच्या आमच्या भनपुरीचे ट्रक मागे पडले, लोखंडाचा धूर मागे पडला, दोन्हीकडे उघडी शेतं लागली, तेव्हा तिला फोन आला. ती विचारत होती, "सुई तो नहीं लगवाई ना? पक्का? दर्द वाली भी नहीं?" मला वाटलं कोणी आजारी आहे. ड्रायव्हरने गाडी एका गावाकडे वळवली. प्रज्ञाने सीटखालून दोर काढला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, रेस्टोरेंट गिद्धों का है. हम मरे जानवर रखते हैं, वो आकर खाते हैं. इस साल का एक बच्चा है, ठीक से उड़ भी नहीं पाता. कब से कुछ साफ नहीं मिला उसको. ये गाय मिल गई तो बच जाएगा."

गिद्ध म्हणजे गिधाड. हा शब्द हिंदीतून माझ्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. पोचला तोवर ती खाली उतरून गायीच्या पायांना दोर बांधत होती.

यंदाचा नवतपा लागला म्हणून हे सगळं आठवतं. सूर्य रोहिणीत आला की नऊ दिवस तापायचं, अशी त्याची रीत. रायपुरात या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कूलरच्या ओल्या गवताला गोठ्यासारखा वास येतो. आमच्या भनपुरीत तर वरून सूर्य आणि खालून भट्ट्या. गच्चीवर पापड वाळत घातले तर संध्याकाळी त्यांच्यावर काळी साय धरलेली असते, म्हणून मी घालणं सोडलं. संगीता सकाळी बासी वाढते. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा आणि मिरची. इथल्या लोकांचं खाणं, आता आमचंही. बासी खाल्ली की मी कूलरसमोर पडते. माझ्या वयात माणूस झोपत नाही, नुसता पडतो. पडल्या पडल्या एक उन्हाळा दुसऱ्या उन्हाळ्यात शिरतो. गेल्या वर्षीचा आणि मी लहान होते तेव्हाचा. दोन्हींत दोर आहे.

आमचं गाव भंडाऱ्याकडचं. गावात कोणाचं ढोर मेलं की आमच्या वस्तीत निरोप यायचा. निरोप आणणारा वस्तीत पाय ठेवायचा नाही, लांबूनच ओरडायचा. बा दोर घेऊन निघायचा. ढोर ओढून गावाबाहेर न्यायचं, कातडं काढायचं, मांस वस्तीत वाटून घ्यायचं, राहील ते गिधाडांना. गिधाडं आधीच येऊन बसलेली असायची, माना आत ओढून, पंगतीत पाळी येण्याची वाट बघत बसतात तशी. लहानपणी मला वाटायचं की ती आमच्याच वस्तीतली आहेत. गावातल्या पोरांनाही तसंच वाटत असावं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले आणि त्या चार वर्षांत माझ्या नावाने मला जितक्यांदा हाक मारली गेली, त्याहून जास्त वेळा गिधाड म्हणून मारली गेली.

मग दीक्षा झाली. वस्तीतली मोठी माणसं नागपूरला जाऊन आली आणि परत आली ती ताठ चालत आली. यापुढे मेलेलं ढोर ओढायचं नाही, त्याचं मांस खायचं नाही. मायने वाळलेलं मांस ठेवायचं मडकं अंगणात आपटून फोडलं. ते वाळलेलं मांस आम्हा पोरांना फार आवडायचं. हेही लिहिते, कारण ते खरं आहे. मडकं फुटलं तेव्हा देव्या रडला. देव्या म्हणजे देवराव, माझा धाकटा भाऊ. त्याला दीक्षा कळत नव्हती, मडकं कळत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात, याच दिवसांत, पाटलाचा बैल मेला. निरोप आला. बा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ज्याचं ढोर त्याचा दोर."

एवढंच. माझा बाप बोलका नव्हता. ते वाक्य त्याने आधीपासून जुळवून ठेवलं होतं की उभ्या उभ्या सुचलं, कोण जाणे. पाटलाच्या माणसाने दोर आमच्या अंगणापुढे फेकला आणि तो निघून गेला. दोर तिथेच पडून राहिला. कोणी उचलला नाही. आम्ही पोरं त्याला ओलांडतही नव्हतो, साप असल्यासारखा वळसा घालून जायचो.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाभळीचे काटे पडले. विहीर पाटलाच्या शेतातली, उन्हाळ्यात आम्हाला तिचंच पाणी मिळायचं. मग माय आणि मी नाल्याच्या वाळूत झिरा खणून वाटी वाटी पाणी भरत बसायचो. वरून ऊन आणि झिऱ्यात गढूळ पाणी. माय पदरातून गाळायची. पदरातून काय काय गाळलं जातं?

तिकडे गावात बैल फुगला. वास आमच्यापर्यंत यायचा आणि वस्तीतली माणसं तो वास हुंगून खूश व्हायची. म्हणायची, अजून एक दिवस, मग येतील हात जोडत. काटे आपोआप निघतील. बा पण तसंच म्हणाला. आमच्याजवळ दुसरं काही नव्हतं, तो वासच होता.

आणि मग गिधाडं आली. आमच्या वस्तीवरूनच गेली. इतकी, की अंगणात सावल्या फिरल्या आणि कोंबड्या घरात पळाल्या. ती थेट गावाच्या आखरावर उतरली, जिथे ढोरं गोळा होतात तिथे. गिधाडं तिथे कधी उतरत नसत, कारण ढोर तिथे कधी राहतच नसे. संध्याकाळपर्यंत बैलाची हाडं उरली. वास गेला. गावाने नाकावरचा हात काढला. आमची गरज कोणाला राहिली नाही आणि विहिरीवरचे काटेही कोणी काढले नाहीत.

गिधाडांनी आमचा संप मोडला. असं कोणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही, पण तसंच झालं.

त्याच आठवड्यात देव्याला हगवण-ओकारी लागली. झिऱ्याच्या पाण्याने, दुसरं कारण नाही. त्याचे डोळे खोल गेले, मग कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहू लागली. पाणी पाणी करायचा आणि द्यायला तेच पाणी होतं. मायने तेच दिलं. आभाळात गिधाडं अजून फिरत होती, बैलाच्या हाडांवर काही राहिलं असेल म्हणून. माय त्यांना दगड मारत होती. दगड कुठे जाणार, परत आमच्याच अंगणात पडायचे.

देव्याला मातीत ठेवून आल्यावर बा म्हणाला, "आता आपल्याले कोणी बोलावणार नाही. आपल्या जागी गिधाडं लागली." मी तेव्हा लहान होते, मला वाटलं तो शिवी देतो आहे. पुढे कळलं की शिवी नव्हती. गावाला त्या उन्हाळ्यात कळलं की ढोर बैलांना जुंपून बांधावर नेऊन टाकता येतं आणि बाकीचं गिधाडं बघून घेतात. आमच्या वस्तीत निरोप आला नाही तो नाहीच आला. ज्यांनी आमचा संप मोडला त्यांनीच आमचं काम सोडवलं. यातलं कोणतं मोठं धरायचं? मी इतक्या वर्षांत ठरवलेलं नाही आणि आता ठरवायचा कंटाळा येतो.

लग्न होऊन मी रायपूरला आले. आमचे हे रेल्वेत डबे दुरुस्त करायचे. तेव्हा रुळांपलीकडच्या उंच झाडांवर गिधाडं असायची, झाडांखालची जमीन पांढरी झालेली असायची. मग ती गेली. कधी गेली ते मला सांगता येणार नाही. घरात सतत खोकणारं माणूस असावं आणि खोकला थांबल्याचं आपल्याला उशिरा कळावं, तसं झालं. मेलेल्या ढोरांवर कुत्री वाढली, कुत्री माणसांना चावू लागली, तेव्हा हे एकदा म्हणाले, गिधाडं दिसत नाहीत ग. मी म्हटलं, बरं झालं. आणि भाजी परतायला लागले.

हे सगळं मी तिथे गाडीत बसून आठवत नव्हते. तिथे मला फक्त दोर दिसत होता.

मी ड्रायव्हरला हाक मारली. रामसाय त्याचं नाव, भला माणूस, इथलाच. म्हटलं, "तुम काहे खड़े हो? हाथ लगाओ."

तो म्हणाला, "मैं गाड़ी चलाथंव, दाई. मरे गरुवा ला नई छुवंव. समाज वाले मन डांड लगा दिही."

दाई म्हणजे आई, डांड म्हणजे दंड. मेलेल्या गायीला हात लावला तर त्याच्या जातीचे लोक त्याला वाळीत टाकतील आणि दंड घेऊन परत घेतील. त्याने हे लाजून सांगितलं नाही, तक्रार म्हणूनही नाही. गाडीत डिझेल नाही असं सांगावं तसं सांगितलं. एरवी दोर धरायला एक माणूस असायचा, तो लग्नाला गेला होता. म्हणजे एवढ्या गावात, एवढ्या दुपारी, ज्याला हात लावता येतो असं एकच माणूस होतं. आमच्या घरचं.

मी उतरले. गुडघ्यांनी तक्रार केली. चप्पल तापलेली होती. प्रज्ञा म्हणाली, "आजी, बैठो अंदर, चक्कर आ जाएगा." मी तिच्याकडे पाहिलं नाही. गायवाल्यासमोर जाऊन उभी राहिले.

"गाय किसकी है?"

"मोर ए, दाई."

"तुम्हारी गाय, तो दोर भी तुम्हारा. पकड़ो."

रस्सी म्हणायला हवं होतं, तोंडातून दोर गेलं. त्याला कळलं. त्याने सावलीतल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी दुसरीकडे पाहिलं. तो म्हणाला, "हमन नई धरन, दाई. पाप लागथे."

"दूध निकालते थे तब कौन धरता था?"

सावलीत कोणीतरी हसलं. गायवाल्याच्या बायकोने इतका वेळ तोंडाला पदर लावला होता, ती रडत होती. तिने पदर सोडून कमरेला खोचला. "मोर लछमी ए," ती म्हणाली. "मैं पोसे हंव. मैं धरहूँ." आणि तिने प्रज्ञाच्या मागे उभं राहून दोर धरला. बायकोने धरल्यावर नवऱ्याला उभं राहणं कठीण झालं. त्याने आधी टोक धरलं, मग नीट धरला. मग एक म्हातारा उठून आला आणि पाटाखाली बांबू कसा घालायचा ते सांगू लागला. सल्ला देणारा कधी कमी पडत नाही. रामसायने सुद्धा पाट हलू नये म्हणून त्यावर पाय दाबून धरला. पाट लाकडाचा होता, गाय नव्हती, तेवढं चालत असावं.

गाय चढली. बाईने तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि विचारलं, "मैडम, येला कहाँ ले जाहू?"

"गिद्ध खाएँगे, दीदी."

बाईने थोडा विचार केला. "चिरई मन खाही," ती म्हणाली. "गड्ढा मा सरे ले तो बने हे."

पाखरं खातील, खड्ड्यात सडण्यापेक्षा बरं. तिच्या घरातला मुद्दा तिथे संपला.

मी गायीला हात लावला नाही. आजही लावणार नाही. बाने दिलेला शब्द आहे आणि त्याची किंमत आमच्या घराने दिली आहे. प्रज्ञानेही मला लाव म्हटलं नाही.

पुढच्या रस्त्यात आम्ही भांडलो. खिडक्या उघड्या होत्या, मागून वास येत होता, रामसाय ऐकू येत नसल्यासारखा गाडी चालवत होता.

मी म्हटलं, "तुया पणजोबानं दोर नाही धरला. पाणी बंद झालं तरी नाही धरला. अन् तू धरून राहिली."

"उनको ना बोलने नहीं देते थे, आजी. मुझे कौन पकड़ के लाया? मैं रोज़ खुद हाँ बोलती हूँ."

"दोर तं तोच हाय."

"हाँ," ती म्हणाली. "वही है."

ती वाद घालेल म्हणून मी तयारीत होते. ती मान्य करून बसली. मग मी विचारलं, "काहून वाचवाचं त्याईले? आपलं काय नातं हाय?"

मग तिने सुईचं सांगितलं. गायीचा पाय सुजला, ताप आला, की लोक दुखणं थांबवायची सुई देतात. गाय तरीही मरते. औषध तिच्या अंगात राहतं. गिधाड ते मांस खातं आणि त्याचं आतलं सगळं निकामी होतं. एका गायीवर जेवायला बसलेली सगळीच्या सगळी जातात. "किसी ने जान-बूझकर नहीं मारा, आजी. पर मारा हमने ही है. इसलिए साफ जानवर ढूँढते फिरते हैं, सुई वाला नहीं."

गायीचं दुखणं थांबवायला दिलेलं औषध. म्हणजे दुखणं थांबलं नाही, पुढे ढकललं. हे मला लगेच समजलं. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर कसं जातं ते समजायला एम.एस्सी. लागत नाही.

"आमाले ज्याईनं मारलं," मी म्हटलं, "त्याईनं आमाले वाचवलं का?"

"नहीं."

 मग ती म्हणाली, "तो मैं भी ना बचाऊँ?"

 मला भूक लागली होती.

शहरात मोठ्या पुलाच्या खांबांवर रानम्हशीचं चित्र आहे. दुसऱ्या खांबावर बस्तरची मैना, डोळ्याजवळ पिवळं. दोन्ही संपत आली आहेत म्हणे. त्यांच्याखाली भाजीवाली बसते आणि म्हशीच्या पायाला कोथिंबिरीची जुडी टेकवून ठेवते. गिधाडाचं चित्र मी कुठे पाहिलेलं नाही. दिसायला बरं असलं की वाचवायला माणसं मिळतात. कुरूप असलं, घाण खाणारं असलं, की त्याला वाचवणारा पण तसाच शोधावा लागतो. लोक म्हणतात, माणसांनी मारलं तर माणसांनीच वाचवलं पाहिजे. बरोबर आहे. बाच्या हिशेबानेही बरोबर आहे, ज्याचं ढोर त्याचा दोर. पण माणसांनी म्हणजे कोणी? मारताना सगळी माणसं असतात. ओढताना आम्हीच असतो. हे वाचवणाऱ्यांनी एकदा बसून ठरवावं, मग माझ्याकडे यावं.

ते रेस्टॉरंट म्हणजे जंगलाच्या कडेला तारेचं कुंपण घातलेली उघडी जागा. पांढरी हाडं, गवत वाळलेलं, लांब एक खोली. गाय उतरवायला तिथे उतार केलेला होता, त्यामुळे माणसं लागली नाहीत. प्रज्ञाने चाकूने गायीच्या पोटावर चीर दिली. बा द्यायचा तशीच, वरून खाली, एका झटक्यात. तिला कोणी दाखवलं नव्हतं. कॉलेजात दाखवलं असेल.

आम्ही खोलीत बसून खिडकीतून बघत राहिलो. आभाळ पांढरं, त्यात काही नाही. मला डुलकी लागली. प्रज्ञाने हाताला धरून उठवलं. वर एक ठिपका होता. मग बाजूला दुसरा. आमच्या लहानपणी आभाळ काळं व्हायचं. इथे ठिपके मोजता आले असते. मी मोजले नाहीत.

उतरली ती तशीच उतरली, पाय पुढे टाकून, दोन उड्या मारून थांबली. माना आत ओढून बसली. कोणीतरी आधी जेवून उठेल आणि मग आपली पाळी, अशी. आता आधी जेवणारं कोणी नव्हतं, पण त्यांना अजून तेच माहीत. मला हसू आलं.  

ते पिल्लू सर्वांत शेवटी आलं. उडून नाही, चालत आलं, पंख जमिनीला घासत. डोक्यावर कापसासारखी लव, मान बारीक. मोठ्यांनी त्याला ढकललं. ते बाजूला झालं, परत आलं. परत ढकललं. प्रज्ञाने माझं मनगट घट्ट धरलं होतं, तिच्या लक्षात नव्हतं. मग दोन मोठी आपसात भांडायला लागली आणि त्या फटीतून त्याने डोकं आत घातलं.

ते वाचावं असं मला वाटलं, असं मी म्हणणार नाही. ते खात होतं, मी बघत होते. त्याचं पोट पुढे येईपर्यंत मी चला म्हटलं नाही, एवढंच. देव्याच्या वेळचा उन्हाळा पाहिलेलं आता कोणी राहिलेलं नाही. बा गेला, माय गेली, पाटील पण गेला. पाटलाच्या बैलावर उतरलेली गिधाडं तर कधीच गेली असतील, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. त्यांना काही माहीत नाही. पण त्या दिवशी खिडकीच्या बाहेर ती आणि आत मी, बाकी त्या गावचं कोणी नव्हतं.

प्रज्ञाने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, परत धुतले, मग डबा उघडला. रेस्टॉरंटात मी शेवटी संगीताच्या हातची भेंडी आणि पोळी खाल्ली. रामसायने त्याच्या डब्यातली आंब्याची चटणी दिली. आमच्या डब्यातली भेंडी मात्र घेतली नाही. मीही आग्रह केला नाही.

घरी आल्यावर विलासला विचारलं, "काहून लपवलं?"

"तुले समजलं असतं तं तू मेली असती."

"एवढ्यानं नाही मरत मी."

पुढच्या रविवारी विहारात शेवंताबाईला मी स्वतःच सांगितलं. माझी नात मेलेली ढोरं ओढते. गिधाडांसाठी ओढते. शेवंताबाईचं माहेरही तिकडचंच, तिला मला पुढचं समजवावं लागलं नाही. ती मांडीवरचे हात बघत बसली. मग म्हणाली, "हात लावते?"

"लावते."

"मंग आंगोळ करते का?"

"रोज करते. तुयासारखी नाही."

ती हसली नाही. वंदना सुरू झाली, आम्ही हात जोडले. झाल्यावर ती गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता म्हणाली, "आपल्या लोकायनं सोडलं होतं न वं ते." मी म्हटलं, हो, सोडलं होतं. ती चप्पल शोधायला गेली. त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही, पण भज्यांचा विषयही तिने पुन्हा काढला नाही.

गिधाडं वाचवावी की नाही, हे मला विचारू नका. मी थकले आहे. वाचवायची असतील तर दोराला सगळ्यांचे हात लागले पाहिजेत, एवढं माझं म्हणणं. तसं होणार नाही हे मला माहीत आहे. प्रज्ञालाही माहीत आहे. तरी ती परवा दोर घेऊन गेली. जाताना दोर दारात राहिला होता, पायरीवर. मी वळसा घातला नाही. पण उचलूनही दिला नाही. तिला हाक मारून सांगितलं, तुझा दोर राहिला.

काल तिचा फोन आला. म्हणाली, गेल्या वर्षीचं ते पिल्लू परत आलं, आता चांगलं उडतं, डोक्यावरची लव गेली. मी म्हटलं, जेवलीस का.

ते पिल्लू त्या नवतप्यातून वाचलं. आणि त्या जुन्या उन्हाळ्यातून आमच्या घरात बा वाचला, माय वाचली आणि मी वाचले.